हळदीतला ळ

हिशोबाचा प्रोग्राम करणारी कंपनी नांदेडला होती.
आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.
प्रोग्राम मात्र वसमतच्या मोंढ्यात
बावन्न आडतींवर अजून चालतो.
चालतो म्हणजे, अडला की
कुणीतरी कुणालातरी विचारतं.

ते बारा वर्षांचं विचारणं माझ्या टेबलावर आलंय:
पट्ट्यांच्या पाठीवर, तंबाखूच्या पुड्यांच्या आत,
हमालाच्या हाती धाडलेल्या चिठ्ठ्या,
आणि जुन्या फोनमध्ये साठलेले आवाज,
मागे लिलावाची बोली, खोकला, पुन्हा बोली.
वरच्या मजल्यावर जागा दिलीय असोसिएशनने.
पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर.
लावला की आधी मलाच शिंका.

काम सोपं. एकच प्रश्न दहादा आला
तर एकदाच लिहायचा, खाली उत्तर.
वही सगळ्यांची, बावन्न आडतींवर एकदम उघडणारी.
चुकलं तर खोडा, कळलं तर जोडा.
नावं नकोत, असंही ठरलंय.

"हळद छापंना झालंय. ह येतो, द येतो,
मधी नुसता चौकोन."
पहिली तक्रार ही. मग कुरुंद्याहून हाच चौकोन,
जवळा बाजारहून हाच.
एकाने विचारलं, पट्टीवर चौकोन गेला तर
शेतकऱ्याला काय सांगू, काय विकलं त्यानं?

उत्तर पूर्णेहून, खाजा मोईनोद्दीनच्या आवाजात:
"अक्षरां की फाइल जुनी है, मुंजाजी. नवी डालो.
फिर मशीन बंद करके चालू करो.
एक बार नै, दो बार."
दोनदा का, हे कुणालाच ठाऊक नाही.
मी तसंच उतरवलं. दोनदा.

पण तो आवाज तिथे थांबत नाही.
"और बच्ची का क्या हुआ? जमा क्या उधर?"
"जमलं. पण ती म्हणते शिकायचंय."
"तो पढने दो ना. कामून घाई?"
मग कुणीच बोलत नाही.
काट्यावर पोतं टाकल्याचा आवाज,
आणखी एक पोतं,
आणि माझ्या बापाचा श्वास.

हे कुठल्या मथळ्याखाली घालू?
छपाईत बसत नाही. बॅकअपमध्ये तर नाहीच.
नियम माझाच होता, दाणा ठेवा, फोल पाखडा.
दुपारभर सूप हातात धरून बसले.

झंवरांच्या दिवाणजींची चिठ्ठी निघाली:
अक्षर मोठं कसं करायचं? दिसेनासं झालंय.
खाली चौघांची उत्तरं, तीन चुकीची.
चौथ्याने लिहिलेलं, या प्रोग्रामात होत नाही,
मी सांजच्याला येऊन वाचून दाखवत जाईन.
वहीत काय लिहिणार मी?
"होत नाही. कुणीतरी वाचून दाखवावं."
सकाळी पाहते तर खाली कुणीतरी जोडलेलं:
"साडेपाचला. सोमवारी मोंढा बंद, तवा घरी येईन."

खाजांचा नंबर लावून पाहिला, दोनदा का ते विचारायला.
पलीकडे एक पोरगा, परभणीचा, सिम नवं घेतलेला.
नाही ओळखत म्हणाला.
मीही विषय वाढवला नाही.

गेल्या आठवड्यात त्या पानावर दुरुस्ती आली.
"दोनदा" खोडून "एकदाच पुरतं."
कुणाची, कळायला मार्ग नाही; नावं नकोत म्हणणारी मीच.
तपासलं. पुरतं एकदाच.
ह, मग ळ, मग द,
पट्टीवर लख्ख.
दुरुस्ती राहू दिली.

माझं मशीन मी अजून
दोनदा बंद करते.